त्यांच्याजवळ उरलेलं वाक्य

सौदी अरेबियातल्या हाइल शहरात एका हॉस्पिटलात मी स्पीच थेरपिस्ट आहे. पक्षाघातानं वाचा गेलेल्यांना पुन्हा बोलतं करायचं, हे माझं काम. दोनेक वर्षांपूर्वी एक वृद्ध गृहस्थ यायला लागले. इकाम्यावर, म्हणजे इथल्या रहिवासी परवान्यावर, राष्ट्रीयत्व भलत्याच देशाचं होतं, कारण त्यांचा स्वतःचा देश आता नकाशावर नाही. शेजाऱ्यानं तो कधीच गिळला. त्या देशाच्या शेवटच्या सरकारात ते परराष्ट्रमंत्री होते. इथल्या कॉलेजात शिकवणारी त्यांची मुलगी त्यांना घेऊन यायची.

सुरुवातीला नुसता घशातला आवाज. कप दाखवला की ओठ हलायचे, शब्द फुटायचा नाही. मग एका सकाळी मी घड्याळाचं चित्र पुढे धरलं आणि ते खणखणीत इंग्रजीत म्हणाले, "परिस्थिती पूर्णपणे आमच्या नियंत्रणात आहे."

मी टाळ्याच वाजवल्या. "वा सर! पुन्हा म्हणा!"

पुन्हा तेच, तितकंच स्पष्ट. त्यांचे डोळे भरले होते. मला वाटलं, आनंदानं. मी दार उघडून मुलीला बोलावलं, तिच्यासमोर त्यांच्याकडून ते तिसऱ्यांदा वदवून घेतलं. ती पांढरीफटक पडली.

"हे नको, डॉक्टर. दुसरं काहीही शिकवा."

बाहेर आल्यावर तिनं सांगितलं. राजधानीला वेढा पडला होता, तेव्हा परदेशी पत्रकारांना बाबा रोज हेच सांगत. जगाला धीर द्यायचा, हेच मंत्र्याचं काम. शेवटच्या दिवशीही सांगितलं. तोवर आई आणि ती विमानात बसल्या होत्या.

"आत्यानं ते रेडिओवर ऐकलं. सख्खा भाऊ सांगतोय म्हटल्यावर तिनं घर सोडलं नाही."

एवढं सांगून ती बाबांना घ्यायला आत गेली.

मेंदूला मार बसल्यावर कधीकधी घोटून घोटून पाठ झालेलं एखादं वाक्यच तेवढं शिल्लक राहतं. हे मी शिकले होते, शिकवतही होते. तरी टाळ्या वाजवल्या. आठवलं की अजून कान तापतात.

त्यानंतर पाणी हवं असो, पाय दुखत असो, तोंडून तेच यायचं. आलं की ते धड असलेल्या डाव्या हातानं तोंड झाकत आणि भिंतीकडे वळत. गुडघ्यावर हात आपटून वाक्य थांबवायचं, एवढं मी त्यांना शिकवलं. हळूहळू 'पाणी' आलं, 'चहा' आला.

एकदा मुलगी शेजारी बसलेली असताना "परिस्थिती..." एवढं बोलून ते थांबले. कपाळावर घाम आला. मग त्यांच्या भाषेतला एक शब्द कसाबसा बाहेर पडला. मला कळला नाही.

"खोटं, म्हणाले," मुलीनं सांगितलं. मग त्यांच्याकडे वळून हळूच काहीतरी बोलली. त्याचा अर्थ तिनं मला सांगितला नाही.

दुसऱ्या दिवसापासून तिनं सरावाला एकच शब्द दिला, आत्याचं नाव. अवघी दोन अक्षरं. त्यांनी सराव एकही दिवस चुकवला नाही. रमजानच्या आधी ते गेले. तोवर पहिलं अक्षर यायला लागलं होतं, दुसरं आलं नाही.