न पुसलेला आवाज

अमरावतीत बसस्टँडमागच्या दोन खोल्यांत शेतकऱ्यांसाठी एक सल्ला केंद्र चालायचं. शेतकऱ्यानं फोन करायचा, पिकाचं दुखणं सांगायचं. त्याचा प्रश्न आणि केंद्राचं उत्तर, दोन्ही आवाज सर्व्हरवर साठायचे. या सर्व्हरच्या राखणदार गजालाबाई. माऊसला हात न लावता, काळ्या पडद्यावर एकेक आज्ञा टाइप करून त्या त्याच्याकडून काम करून घ्यायच्या. असं माणूस तेव्हा गावात शोधून सापडलं नसतं, आणि सापडलं असतं तर पुण्याला पळालं असतं. गजालाबाई पळाल्या नाहीत.

त्यांचे अब्बा अन्सारभाई अकोल्यात दावतीचा स्वयंपाक करायचे. आवतण हजारांना, देगीत शिजायचं सातशेंचं, कारण सगळे काही एकाच वेळी जेवायला बसत नाहीत. फक्त देगीत किती उरलं यावर नजर हवी. सर्व्हरवरचा थिन पूल गजालाबाईंना पहिल्याच दिवशी कळला तो यामुळेच. तिथंही प्रत्येक कप्प्याला जागेचं वचन द्यायचं, आणि खरी जागा सगळ्यांनी मिळून एकाच साठ्यातून लागेल तशी घ्यायची.

अडचण होती ती केंद्रप्रमुख खुशालरावांची. देवमाणूस, पण कोणाला ‘नाही’ म्हणणं त्यांच्या जिभेला ठाऊकच नव्हतं. दर्यापूरच्या शाखेनं व्हिडिओंसाठी जागा मागितली, दिली. आणखी चार शाखांनी मागितली, त्यांनाही दिली. गजालाबाई साठा किती टक्के भरला ते सांगत राहिल्या आणि खुशालराव मान डोलावत राहिले.

मग दोन हजार सतराचा बोंडअळीचा हंगाम आला. लोक मिळेल ते औषध पंपात ओतू लागले, फवारताना भोवळ येऊन पडू लागले, आणि केंद्राचा फोन खाली ठेवायला सवड मिळेना. एका सकाळी साठा अठ्ठ्याण्णव टक्क्यांवर गेला. शंभर झाले की सगळे कप्पे एकदम अडणार, आणि ऐन फवारणीत फोन बंद पडणार.

गजालाबाई कारण शोधत होत्या, तेवढ्यात खुशालरावांनी मदत केली. मोठ्या माणसांची मदत नेहमी अशीच न विचारता येते. त्यांनी आपल्या टेबलावरून दोन हजार चौदा सालचे सगळे फोन पुसून टाकले. जुने प्रश्न, उत्तरं देऊन झालेली, कोण विचारतंय! पण टक्के जागचे हलले नाहीत.

गजालाबाई रोज सकाळी काम सुरू होण्याआधी फोनच्या कप्प्याचा स्नॅपशॉट घ्यायच्या, म्हणजे त्या घटकेला कप्पा जसा होता तसा धरून ठेवायच्या. पुसलेले फोन अजून त्यात होते. खुशालरावांना हे कळताच ते म्हणाले, तोच काढून टाका, लगेच जागा सुटेल. ते चुकीचं बोलत नव्हते. जागा सुटली असती, आणि चौदा साल कायमचं गेलं असतं.

“मी नाही काढत भाऊ,” गजालाबाई म्हणाल्या. “लोकायनं आपल्या भरवशावर सांगून ठेवलं हाय ते. मले धा मिनटं द्या.”

प्रमुखाला असं तोंडावर सांगायला छाती लागते, तीही अठ्ठ्याण्णव टक्क्यांवर. गजालाबाई एकेक कप्पा तपासू लागल्या. दर्यापूरवाल्यांनी महिन्यापूर्वी पुसलेल्या व्हिडिओंची जागा मूळ साठ्याला परत मिळालीच नव्हती. फोनच्या कप्प्यातून पुसलेलं साठ्याला आपोआप कळायचं, व्हिडिओंच्या कप्प्यातून पुसलेलं मात्र वेगळं कळवावं लागायचं. गजालाबाईंनी त्या कप्प्यावर ते कळवणारी आज्ञा, एफएसट्रिमची एक ओळ, चालवली. अठ्ठ्याण्णवचे त्र्याहत्तर झाले. खुशालराव खुर्चीत बसले आणि तांब्याभर पाणी प्यायले.

दुपारी अकोल्याच्या एका दवाखान्यातून फोन आला. दर्यापूरकडच्या केशरबाई बोलत होत्या. नवरा, शेषराव, फवारताना पडला होता. घरात जपून ठेवलेलं जुनं औषध, डब्यावरचा कागद कधीच गळून गेलेला. डॉक्टर औषधाचं नाव विचारत होते.

“तीन वर्साआंदी त्यायनं तुमाले फोन केल्ता,” त्या म्हणाल्या. “डब्यावरचं नाव वाचून दाखोलं होतं. तुमच्यापाशी आसन का ते?”

खुशालरावांचा चेहरा उतरला. गजालाबाईंनी स्नॅपशॉट उघडला, शेषरावांच्या नंबरावरून फोन शोधला, आणि आवाज खोलीभर ऐकू येईल असा लावला. शेषराव एकेक अक्षर जुळवत नाव वाचत होते. गजालाबाईंनी ते लिहून घेतलं, डॉक्टरांना दोनदा सांगितलं, त्यांच्याकडून परत म्हणवून घेतलं. त्या नावावर उपचार ठरला आणि चौथ्या दिवशी शेषराव उठून बसले. पण ते पुढचं.

त्या दुपारी आवाज अजून चालूच होता. “मंग हे कपाशीवर मारू का?” शेषरावांनी विचारलं होतं. उत्तर देणारा माणूस हसून, मायेनं म्हणाला होता, “यंदा नोका मारू. पन फेकू नोका, ठेवून द्या घरात. कामी येईन कधी.”

चौदा साली, केंद्राच्या पहिल्या वर्षी, फोनवर बसायला दुसरं कोणी नव्हतं. तो आवाज खुशालरावांचा होता.

गजालाबाईंनी आवाज बंद केला. खुशालराव उठले, अकोल्याची बस धरायला पिशवी घेतली आणि दारात थांबले.

“बाई,” ते म्हणाले, “हे सारे जुने फोन परत जागेवर ठेवा. अन् पुसाचा अधिकार माह्याकडून काढून घ्या.”

गजालाबाईंनी त्याच दिवशी तो काढून घेतला.