बारवेत बुडवलेला पाय

सिस्टरनं माझा पाय तसराळ्यावर धरला आणि घोट्याजवळच्या फुटलेल्या फोडावर गार पाण्याची धार सोडली. गेले चार दिवस तिथं निखारा ठेवल्यासारखी आग होत होती. पाणी पडल्याबरोबर इतकं बरं वाटलं की माझे डोळेच मिटले. उघडून पाहिलं तर जखमेतून दुधासारखं पांढरं पाणी येत होतं आणि त्यामागून शिवायच्या दोऱ्याएवढं काहीतरी डोकावत होतं.

"गुरुजी, नारू आहे," सिस्टर म्हणाल्या.

डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहिलं, ड्रॅकन्क्युलायसिस. म्हणजे आपला नारूच. पाण्यात सायक्लॉप्स नावाचे डोळ्यांना जेमतेम दिसणारे जीव असतात, पाण्यातल्या पिसवाच म्हणा. त्यांच्या पोटात नारूची पिल्लं असतात. ते पाणी न गाळता प्यायलं की पिल्लं आपल्या पोटात जातात, आणि मग वर्षभर काही म्हणजे काही कळत नाही. वर्ष भरत आलं की हात-दीड हात लांबीची मादी पायातून बाहेर यायला लागते. तिच्यावर गोळी नाही. काडीला गुंडाळून रोज बोटभर ओढायची आणि वाट बघायची.

"ही जखम पाण्यात बुडली की मादी पुन्हा पिल्लं सोडते," सिस्टर म्हणाल्या. "ते पाणी जो पिईल त्याला पुढच्या उन्हाळ्यात नारू. फोड आल्यापासून पाय कुठं पाण्यात घातला होता का?"

"नाही," मी म्हणालो.

हे खोटं होतं. चार सकाळी मी आमच्या बारवेच्या शेवटच्या पायरीवर बसून पाय घोट्यापर्यंत बुडवला होता. शांता, माझी बायको, त्याच बारवेचं पाणी घरी आणत होती आणि आमची सहा वर्षांची सुजाता ते पीत होती.

खोटं का बोललो ते सांगतो. माझ्यासारखा आजार कुणाला झाला तर उपचाराची माहिती दवाखान्यात मिळेल, पण खोट्याची माहिती मलाच द्यावी लागेल.

आमचं गाव तेरच्या अलीकडं. गावाला पायऱ्यांची जुनी दगडी बारव. आमच्या घरानं छप्पनला धम्म घेतला, पोरं शिकली, मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर झालो, तरी आमच्या वस्तीच्या बायका बारवेच्या काठावरच उभ्या राहायच्या. पलीकडच्या आळीतलं कुणी खाली उतरून पाणी आणेल आणि वरून घागरीत ओतेल तेव्हा ओतेल. बहात्तरच्या दुष्काळात माझी आई तिथं उन्हात अर्धा-अर्धा दिवस उभी राहिलेली मी पाहिली आहे. या आजाराच्या तीन वर्षं आधी आम्ही पंधरावीस जण एका सकाळी सरळ पायऱ्या उतरलो. पुढं मी होतो. आठ दिवस गाव गप्प होतं, मग सवय झाली. त्या शेवटच्या पायरीवर बसून पाण्यात पाय सोडणं हा माझ्यासाठी नुसता गारवा नव्हता. आता त्या पाण्यात माझ्याच पायानं घाण सोडली, हे मी कोणत्या तोंडानं सांगणार?

आता या सिस्टरबद्दल. आडनाव जाधव. त्यावरून माणसाचं काहीच कळत नाही, आणि मी कळून घ्यायचा प्रयत्न केला होता हे कबूल करतो. लातूरकडच्या. त्या यायच्या आधी गावातल्या सरकारी दवाखान्यात नारूच्या माणसाला पट्टी बांधून वाटेला लावायचे आणि वहीत 'पायाची जखम' एवढंच लिहायचे. या बाईंनी जुन्या वह्या काढून वाचल्या. दर उन्हाळ्यात पायाच्या जखमा का वाढतात, हा प्रश्न त्यांच्याआधी कुणाला पडला नव्हता. मग त्यांनी एक मोठा कागद भिंतीला चिकटवला आणि त्यावर गावातल्या सगळ्या विहिरींची नावं लिहिली. नारूचा माणूस आला की पहिला प्रश्न, "गेल्या साली पाणी कुठलं पीत होता?" उत्तर येईल त्या विहिरीपुढं एक खूण.

"सिस्टर, आपला दवाखाना माणसांचा आहे, विहिरींचा नाही," डॉक्टर हसून म्हणाले. तरुण होते, स्वभावानं चांगले होते.

"माणसं तिथूनच येतात, साहेब," सिस्टर म्हणाल्या आणि खूण केली.

दुसरी गोष्ट, पट्टीची वेळ. दवाखाना नऊला उघडायचा. तोवर लोक रोजगार हमीच्या कामावर गेलेले असत. हजेरी चुकली तर दिवस बुडणार, म्हणून निम्मे लोक अर्ध्यातच पट्टी सोडून द्यायचे. सिस्टरनं पट्टीची वेळ सकाळी सहाची केली. नोकरी करणारी बाई तीन तास आधी येते, हे बघून आधी गावानं नावं ठेवली, मग रांग लावली.

मीही रोज त्या रांगेत. शाळेला उन्हाळ्याची सुट्टी होती. काडी एक वेढा फिरवायची, वर कोरडी पट्टी बांधायची, पाय पाण्यापासून लांब ठेवायचा. मी मात्र घरी जाता जाता बारवेत उतरायचो. आग सोसवत नव्हती हे एक कारण. दुसरं असं की, मी आता पाय बुडवायचा थांबवला तर आधी चूक झाली होती हे मलाच मान्य करावं लागलं असतं. शिकलेल्या माणसाचा मूर्खपणा असा तर्कशुद्ध असतो.

दुसऱ्या दिवशी पट्टी सोडताना सिस्टर क्षणभर थांबल्या. पट्टी ओली होती. त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि नवी बांधली. चोराच्या मनात चांदणं. मी घामाबद्दल काहीतरी पुटपुटलो.

नवव्या दिवशी चावडीपुढं सभा होती. सिस्टर बोलणार होत्या. मला तिथं काडी बांधलेल्या पायानं लंगडत जायचं नव्हतं. त्या सकाळी घरीच मी काडी धरली आणि उरलेला नारू एका दमात ओढला. तो तुटला. तुटलेलं टोक रबरासारखं आत गेलं. पट्टी आवळून मी सभेला गेलो.

सिस्टरनं काचेच्या पेल्यात बारवेचं पाणी आणलं होतं. पेला उन्हात धरून त्यांनी सगळ्यांना त्यातले उड्या मारणारे पांढरे ठिपके दाखवले. मग म्हणाल्या, "बारवेत कुणीच उतरायचं नाही. वर रहाट बसवू. पाणी वरूनच काढायचं आणि दुहेरी कापडातून गाळून प्यायचं."

मी उठलो. "आमी उतरायला लागल्यावरच बरी तुमाला बंदी सुचली? इतकी सालं पाणी चांगलं हुतं व्हय?"

आमच्या वस्तीनं टाळ्या वाजवल्या. गंमत म्हणजे पलीकडच्या आळीतूनही वाजल्या. रहाट ओढायचे कष्ट कुणालाच नको होते. सिस्टर माझ्या पायाकडं बघू शकल्या असत्या. एक वाक्य बोलल्या असत्या तर मी तोंडघशी पडलो असतो. त्या एवढंच म्हणाल्या, "गुरुजींना असं वाटणं साहजिक आहे." आणि पेला घेऊन खाली बसल्या.

सभेनंतर तिसऱ्या दिवशी पाय गुडघ्यापर्यंत सुजला, लाल झाला, अंगात ताप भरला. दूध सोसायटीच्या टेम्पोत कॅनच्या मधे मला आडवं घातलं आणि उस्मानाबादच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथले डॉक्टर म्हणाले, सेल्युलायटिस. म्हणजे कातडीखालच्या मांसात जंतू पसरणं. आत तुटलेला नारू सडत होता.

"पेनिसिलिन देतो," ते म्हणाले. "दोन दिवसांत सूज उतरली तर ठीक. वर चढली तर गुडघ्याखालून पाय काढावा लागेल."

त्या दोन दिवसांत मी भिंतीवरच्या पालीकडं बघत पडून होतो. सुईची वेळ, ताप बघायची वेळ, शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याचा खोकला. पहिल्या दिवशी पाय जाण्याची भीती वाटली. दुसऱ्या दिवशी मनात फक्त सुजाता होती. तिनं किती तांबे पाणी प्यायलं असेल याचा हिशेब मी करत होतो आणि तो लागत नव्हता.

सूज उतरली. पाचव्या दिवशी घोट्याला चीर देऊन पू काढला. सहाव्या दिवशी जाधव सिस्टर आल्या. एस. टी.नं, हातात शांतानं दिलेला भाकरीचा डबा. मी त्यांना बसायलाही न सांगता बोलून टाकलं, "मी रोज बारवेत पाय घालत होतो."

"माहीत आहे," त्या म्हणाल्या. "पट्टीला शेवाळ लागलेलं असायचं."

"मग सभेत का बोलला नाहीत?"

"रोग्याची गोष्ट दवाखान्याबाहेर न्यायची नसते." डबा खाटेवर ठेवत त्या म्हणाल्या, "आणि तुमचं नाव घेतलं असतं तर लोक काय म्हणाले असते? 'बघा, हे उतरले आणि पाणी बाटलं.' मग बारव परत कुणाची झाली असती, गुरुजी?"

मला रडू आलं. मी वस्तीचा मान राखायला खोटं बोललो होतो असं मला वाटत होतं. तो मान खरा राखला होता या बाईंनी, माझे टोमणे ऐकत.

"आता मी सांगतो," मी म्हणालो. "पण तुम्ही म्हणता तसंच होईल."

"होऊ नये म्हणून वह्या काढल्यात. तुमची वस्ती उतरायच्या आधीपासून या पाण्यात नारू आहे. बारवेपुढच्या खुणा प्रत्येक आळीच्या आहेत. वह्या मी दाखवीन, नावं वाचणार नाही. ज्याचं नाव त्यानं सांगायचं."

काठी टेकत मी दुसऱ्या सभेत उभा राहिलो आणि सांगितलं. कुणीतरी मागून कुजबुजलंच, "तरी म्हनलं." मला वाटलं, संपलं. तेवढ्यात भाऊराव आप्पा उठले. गावातले मोठे बागाईतदार, दूध सोसायटीचे चेअरमन, आणि तीन वर्षांपूर्वी आम्ही पायऱ्या उतरलो तेव्हा महिनाभर माझ्याशी न बोललेले. त्यांनी धोतर गुडघ्यापर्यंत वर घेतलं. नडगीवर जुना वण होता.

"कोन म्हनलं रं? पाच सालं झाली, म्या बी ह्याच पान्यात पाय घालून बसत हुतो. लई गार वाटायचं. तवा हे मास्तर काठावर उभं हुतं. आता बोला, पानी कुनी नासवलं?"

आप्पांनी सोसायटीतलं दूध गाळायचं कापड घरटी वाटायचं कबूल केलं. "दूध गाळताव, मंग पानी का न्हाय?" एवढंच त्यांचं भाषण. डॉक्टरांनी पंचायत समितीला पत्र लिहिलं. बारवेत औषध पडलं, रहाट बसला, उतरायच्या वाटेवर काटेरी फांद्या आल्या. सगळ्यांसाठी एकच दोर. आप्पांची सून आणि आमची शांता तो एकत्र ओढताना मी पाहिल्या आहेत. दोघी भांडतही होत्या.

पण नारू वर्षाचा वायदा पाळतो. मी पाय बुडवला तेव्हापासून कापड घरात येईपर्यंत तीन-साडेतीन आठवडे गेले होते. ते परत आणता येत नव्हते. ते वर्ष मी कसं काढलं ते सांगता येणार नाही. रोज सकाळी शाळेला जाण्याआधी मी सुजाताचे पाय हातात घेऊन बघायचो. तिला तो खेळ वाटायचा. ती बोटं हलवून दाखवायची.

चैत्र संपता संपता तिच्या उजव्या पोटरीवर फोड आला.

मी शांताला सगळं सांगितलेलं होतं. ती फक्त म्हणाली, "आता तुमीच न्या तिला."

सिस्टरनं पाय तसराळ्यावर धरला. मी विचारलं, "हा माझाच ना?"

"ते कुणालाच सांगता येत नाही," त्या म्हणाल्या. खरं आहे ते. पण मला कुणी सांगायची गरज नव्हती.

काडी फिरवायला त्यांनी मलाच शिकवलं. रोज एक वेढा, घाई नाही. पोरगी ओठ दाबून बसायची. आग फार झाली की म्हणायची, "बाबा, पाण्यात घालू का?" आणि मग स्वतःच मान हलवायची, "न्हाय न्हाय, दुसऱ्याला व्हतंय." सव्वीस दिवस लागले. तुटला नाही.

तुमच्या गावात, तुमच्या घरात असा फोड कुणाला आला तर पाणी गाळा, पाय कोरडा ठेवा आणि विचारणाऱ्याला खरं सांगा. तो तुमची लाज तुमच्यापेक्षा नीट सांभाळेल. सगळेच तसे असतील असं मी म्हणत नाही. मला तशी बाई भेटली, हे माझं नशीब. जाधव सिस्टरांची पुढं बदली झाली. निरोपाला मी बोलायला उभा राहिलो आणि जन्मभर वर्गात बडबड केलेल्या माणसाला चार शब्द सुचले नाहीत.

त्या वर्षी बारवेच्या पाण्यानं आणखी कुणाला नारू झाला नाही, नंतरही नाही. आमच्या गावातला शेवटचा नारू माझ्या मुलीच्या पायातून निघाला. तो मी माझ्या हातानं काढला, कारण तो मीच घातला होता.