पोरीच्या कॉफीचं नाव

अमरावतीच्या आमच्या ऑफिसात एक सहकारी माझ्या शेजारच्या टेबलाशी बसत. नोकरी सांभाळून त्यांचा एक जोडधंदा होता. वेबसाइटची चांगली नावं आधीच घेऊन ठेवायची आणि मग गरजवंताला चढ्या भावाने विकायची. त्यासाठी फोनवर सतत ओळखी वाढवणं चाले. कुणी दुकान काढो की क्लास, ग्रुपवर पहिलं अभिनंदन त्यांचंच. "मानसं जोडा लागते, भाऊ," असं म्हणत ते फोनची काच शर्टाच्या टोकाने पुसत.

माझ्या मुलीने चिखलदऱ्याची कॉफी ऑनलाइन विकायचं ठरवलं. बरंच डोकं लढवून तिने एक नाव शोधलं. मी कौतुकाने ते त्यांना सांगितलं. त्यांनी मनापासून दाद दिली, चहाही पाजला.

दुसऱ्या दिवशी मुलगी वेबसाइट घ्यायला बसली, तर ते नाव कुणीतरी घेतलेलं. मी हळहळत त्यांना सांगितलं.

"म्याच घेतलं ना थे," ते शांतपणे म्हणाले. "तुमाले पायजे असन त सांगा. कमी लावतो."

मला वाटलं, थट्टा करून राहिले.

"अहो, माही पोरगी हाये ते."

"म्हनूनच त कमी लावतो म्हनलं."

त्यांच्या चेहऱ्यावर संकोचाची रेघही नव्हती.

मुलीने दुसरं नाव घेतलं. घरी मी काही बोललो नाही. धंद्याच्या पूजेला ते सगळ्यांच्या आधी पेढे घेऊन आले, खुर्च्याही त्यांनीच मांडल्या. मुलगी त्यांच्या पाया पडली. तिच्या डोक्यावर हात ठेवताना त्यांचे डोळे खरोखर भरून आले होते.