चुलीवरच्या माळ्यावरची साल

पोतं उघडलं की आमच्या प्रयोगशाळेत सगळे नाक मुरडायचे. "आली गं तुझ्या गावची चूल," असं कुणीतरी म्हणायचं आणि बाकीचे हसायचे. आमच्या बाई, म्हणजे माझ्या पीएच.डी.च्या मार्गदर्शक, तशा कडक. पण त्याही एकदा म्हणाल्या, "जंगलाला वणवा लागला होता का?" मी पोत्यात हात घालून सालीचे तुकडे बाहेर काढायचे आणि मला कसलाच वास यायचा नाही. ज्या घरांत मी वाढले तिथे माणसांना, भाताला, वाकळींना, सगळ्यालाच तो वास होता. त्याला कुणी वास म्हणत नसे.

ऐंशीच्या दशकातली शेवटची वर्षं होती. कॅन्सरवर चालतील अशी नवी रसायनं तयार करायची आणि तपासायची, हे आमचं काम. आमचं घर बेळगावच्या पुढे, घाटाकडच्या रामनगरला. माझ्या आत्तीला, वडिलांच्या थोरल्या बहिणीला, कुंभारवाडा या गावाकडच्या एका वाडीत दिलं होतं. तिथल्या रानात एक झाड होतं, त्याच्या सालीला तिकडे नुसतं कडू साल म्हणत आणि सुजेवर उगाळून लावत. मी बाईंना ते सांगितलं. त्या म्हणाल्या, मागव. आत्तीने पावसाळ्यात साल काढली, वाळवली आणि पोतं शिवून बसच्या कंडक्टरकडे दिलं. झाडाच्या एकाच अंगाची साल ती काढायची, चारी बाजूंनी सोललं तर झाड मरतं म्हणून.

त्या सालीचा अर्क आम्ही बाटलीत वाढवलेल्या कॅन्सरच्या पेशींवर टाकला. दुसऱ्या दिवशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर बाटलीत एक पेशी धड उरली नव्हती. बाई तशा सहजासहजी खूश होत नसत. त्या दिवशी त्यांनी चहा मागवला.

मग मी त्या अर्काच्या मागेच लागले. त्यातून एक तेलकट, पिवळसर भाग वेगळा काढला. त्यातल्या रेणूला इथे एक गट जोड, तिथला एक काढ, असं करत वर्षभरात तेवीस नवी रसायनं तयार केली. तेवीस छोट्या बाटल्या, प्रत्येकीवर माझ्या अक्षरात नंबर. त्यांतल्या काहींनी पेशी मारल्या, काहींनी नाही. नऊ नंबर सगळ्यांत चांगला होता. तो माझा लाडका.

त्या दिवाळीला मी वाडीवर गेले आणि तोंड उघडलं. गप्प बसणं मला कधी जमलंच नाही. "आत्ती, तुझ्या सालीनं कॅन्सरच्या पेशी पटापट मरतात बघ," असं भाकरी खाता खाता सांगून टाकलं. तिने आणखी एक भाकरी माझ्या ताटात वाढली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने मला न्हाणीत हाक मारली आणि पदर बाजूला केला. उजव्या बाजूला गाठ होती, सुपारीएवढी.

"कुणाला सांगू नको," ती म्हणाली. "तुज्या बाटलीतलं मरतंय न्हवं?"

"मरतंय. पण आत्ती, बेळगावला दाखवूया. काढून टाकतील."

"कापायला मी काय फणस हाय? साल माजी, शिकल्याली भाची बी माजी. तू कर की गे औषद."

मी समजावलं. बाटली वेगळी आणि माणूस वेगळं, अजून उंदरांवर तपासायचंय, वर्षं लागतात, असं सगळं बोलले. पण ते कसं बोलले ते मलाच माहीत. आतून मला आनंद झाला होता. हे लिहायला आज हात जड होतो, पण झाला होता. माझ्यावर एवढा भरवसा तोवर कुणी टाकला नव्हता. शेवटी मी म्हणाले, "बघू." त्या 'बघू'चा तिने होकार धरला, आणि तसा धरू दिला मीच.

उंदरांवर नऊ नंबर चालला नाही. त्यांच्या गाठी तशाच राहिल्या आणि उंदीर मात्र मेले. बाईंनी साल पुन्हा नव्याने आणायला सांगितली. चैत्रात मी स्वतः रानात गेले, त्याच झाडांची साल काढली आणि प्रयोगशाळेच्या गच्चीवर कडकडीत उन्हात वाळवली. तिचा अर्क टाकला आणि पेशी मजेत वाढत राहिल्या. आम्ही कारणं काढली. ऋतू बदलला असेल, झाडाचं वय असेल. कारणं काढण्यात आम्ही सगळेच हुशार होतो.

श्रावणात मी पुन्हा वाडीवर गेले. बाहेर धो धो पाऊस, आत आत्तीची चूल. शहरात इतकी वर्षं काढल्यावर त्या दिवशी पहिल्यांदा तो धूर माझ्या डोळ्यांना झोंबला. डोळे पुसत मी वर पाहिलं. चुलीवरच्या बांबूच्या माळ्यावर बियाणं होतं, सुकी मासळी होती, आणि मधोमध यंदा माझ्यासाठी काढलेली साल होती. काळी, तेलकट, चकचकीत. तिथे ती मी आधीही पाहिली असणार.

"ही इथं का ठेवलीस?"

"मग कुठं ठेवू? चार म्हयने ऊन न्हाई, बुरशी धरंल की. तुजी वस्तू म्हणून मदोमद ठेवली. थितं धूर चांगला लागतोय."

मी हसले असेन किंवा काहीतरी बोलले असेन, आठवत नाही. निघताना मी अंगणातल्या फणसाची थोडी साल काढून तिला माळ्यावर ठेवायला सांगितली. महिन्याने ती साल आली. तिचा अर्क पेशींवर टाकला आणि दुसऱ्या दिवशी बाटलीत एक पेशी धड नव्हती. झाडात काही नव्हतंच. माझा नऊ नंबर म्हणजे आत्तीच्या चुलीचा धूर होता. बाई सूक्ष्मदर्शकावरून मान वर करून म्हणाल्या, "बाटलीतल्या पेशी मारायला साबणाचं पाणीही पुरतं गं." त्या रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. वास सगळ्यांना आला होता, मला सोडून.

श्रावणातच मी आत्तीला उचलून बेळगावला न्यायला हवं होतं. पण मला आधी खात्री करून घ्यायची होती. खात्री करण्यात दीड महिना गेला. दसऱ्याला मी तिला जवळजवळ ओढतच नेलं. डॉक्टरांनी तपासलं, छातीचा फोटो काढला आणि मला बाजूला घेऊन सांगितलं की काखेत आणि फुप्फुसात पसरलंय, आता कापून उपयोग नाही. मग त्यांनी विचारलं, "मागच्या वर्षी का नाही आणलंत?"

वाडीवर परत आलो. ती चुलीपुढे बसली, मी तिच्याशेजारी. खोटं बोलायचं ठरवून मी आले होते, ते जमलं नाही. मी सगळं सांगितलं. सालीत औषध नाही, पेशी धुराने मेल्या, वर्षभर तुला थांबवून ठेवलं ते मी.

ती रागावली नाही. फुंकणी उचलून तिने विस्तव फुंकला, खोकली, आणि मग माझ्याकडे वळून अगदी साध्या आवाजात विचारलं, खरंच जाणून घ्यायचं असल्यासारखं.

"चाळीस वर्सं ह्योच धूर माज्या छातीत जातोय. मग माजी गाठ कशी गे न्हाई मेली?"

माघात आमच्या भागात उळवीची जत्रा असते. त्याआधीच आत्ती गेली. त्यानंतर मी बरीच रसायनं केली, बऱ्याच मुलींना शिकवलं. मेलेल्या पेशींचा आलेख घेऊन कुणी धावत आली की मी पहिल्यांदा विचारते, हे वाळवलं कुठे होतं? त्या एकमेकींकडे बघून हसतात. मला तेव्हा आत्तीचा आवाज ऐकू येत असतो, दरवेळी तेवढ्याच साध्या सुरात. बाईंनी मला सहा वर्षं जे शिकवलं ते तिने एका प्रश्नात विचारलं होतं.

त्या संध्याकाळी तो प्रश्न विचारून ती उठली. माळ्यावरची उरलेली साल तिने खाली घेतली आणि एकेक तुकडा चुलीत सारला.

"च्याला तेवडंच जळण," ती म्हणाली.

चहा उकळेपर्यंत साल जळून गेली. तिने मला कप भरून दिला. त्याला धुराचा वास येत होता, आणि मी तो सगळा प्यायले.