सगळ्याला हो

आमच्या घरात सकाळच्या चहाबरोबर बिस्किट नसलं तरी चालायचं, पण मत लागायचंच. मत कुणाचं, तर आमच्या ह्यांचं. कारखान्यातल्या नोकरीतून निवृत्त झाल्यापासून ह्यांनी एकच उद्योग धरला होता. फोनवर बातम्या वाचायच्या आणि बातमीखाली प्रतिक्रिया लिहायची. शेवटी सही, ‘एक नागरिक, कसबा पेठ’. तंत्रज्ञान आणि राजकारण हे ह्यांचे खास प्रांत. क्रिकेटवर लिहिणाऱ्यांना हे रिकामटेकडे म्हणायचे. स्वतः काय होते ते मी बोलून दाखवत नसे. म्हणजे, रोज नाही.

ह्यांची पद्धत ठरलेली होती. प्रतिक्रिया लिहून झाली की पाठवण्याआधी मला वाचून दाखवायची. मी ओट्याशी, हे स्वयंपाकघराच्या दारात उभे, चष्मा कपाळावर सरकवलेला, फोन नाकाला टेकवलेला. “ऐक गं,” म्हणायचे आणि सुरू. मी ऐकल्याशिवाय एकही ओळ बाहेर गेली नाही. माझं मत मात्र कधी विचारलं नाही हो. मी म्हणायची, “पाठवा एकदाचं, भाजी लागतेय माझी खाली.” तीच माझी परवानगी.

एकदा बातमी आली की चौकाचौकात माणसांचे चेहरे ओळखणारे कॅमेरे बसणार. ह्यांनी लिहिलं, “चेहरे नंतर ओळखा. आधी कॅमेऱ्याला खड्डा ओळखायला शिकवा.” घरबसल्या तक्रार नोंदवण्याचं कसलंसं ॲप निघालं, तेव्हा लिहिलं, “तक्रार निकाली निघाल्याचा मेसेज लगेच येतो. खड्डा जागच्या जागी. तेव्हा नक्की निकाली कोण निघालं, हे कळवावे.” निवडणुकीच्या दिवसांत यंत्रावर बनवलेल्या आवाजात उमेदवारांचे फोन यायला लागले. आपलं नाव घेऊन नमस्कार, घरच्यांची चौकशी, सगळं गोड गोड. त्यावर तर हे चवताळलेच. “ज्याला स्वतःच्या तोंडानं मत मागायचा कंटाळा येतो, त्याला मी माझ्या बोटानं का द्यावं?” हे मात्र मला आवडलं होतं. मी तसं म्हटलं नाही. उगाच चढून बसले असते.

सत्तेवर कोणीही येवो, हे विरोधात. ज्या पक्षाला स्वतः मत देऊन आले, तो निवडून आला की दुसऱ्या दिवसापासून त्याच्याही विरोधात. मी एकदा वैतागून म्हटलं, “अहो, कधी कुणाला हो म्हटलंय का आयुष्यात?” तर म्हणाले, “एकदाच. बोहल्यावर.” आणि वर तोंड करून हसले.

ह्यांना तोडीस तोड एकच भेटला होता. नाव ठाऊक नाही. त्याच्या फोटोच्या जागी पिंपळाचं पान होतं, म्हणून घरात त्याला आम्ही पिंपळपान म्हणायचो. हिंजवडीत नोकरीला असावा, कारण एकदा त्यानं लिहिलं होतं की कंपनीच्या बसमध्ये अडकलोय, वेळच वेळ आहे, आज सविस्तर भांडू. त्याला प्रत्येक नवी गोष्ट आवडायची. ह्यांना प्रत्येक नव्या गोष्टीत काळंबेरं दिसायचं. तो ह्यांना “काका” म्हणायचा, त्यानं हे आणखी भडकायचे. “कोणाचा काका? मी नागरिक आहे!” असं स्वयंपाकघरात मला ओरडून सांगायचे, जसं काही मीच काका म्हटलं. पण त्याचं उत्तर यायला उशीर झाला की फोन पुन्हा पुन्हा उघडून बघायचे.

मग दिवाळीनंतरच्या एका सकाळी ह्यांना शर्टाचं बटण लागेना. मी म्हटलं, “काय हो, काय झालं?” तर तोंडातून नुसता आवाज आला, शब्द नाही. मेंदूत गुठळी झाली होती. पाय वाचला, उजव्या हातातली ताकद थोडी गेली, आणि बोलणं गेलं. अगदी सगळं नाही गेलं. एक शब्द राहिला.

हॉस्पिटलमध्ये मी ह्यांच्या कानाशी वाकून विचारलं, “मला ओळखलंत का?” हे म्हणाले, “हो.” मला इतकं रडू आलं की बाहेर जाऊन बसले. देवा, माणूस जागेवर आहे, एवढं पुरे, असं वाटलं. परत आत आले तर नर्स विचारत होती, “आजोबा, हे कुठलं शहर आहे? मुंबई का?” आणि हे म्हणाले, “हो.”

कसब्यात जन्मलेला माणूस हा! पुण्याला मुंबई म्हणणाऱ्याला ह्यांनी दारात उभं केलं नसतं. 

घरी आल्यावर वाचाउपचार करणारी एक मुलगी येऊ लागली. गोड होती, शांत होती. तिनं समजावलं, की कधी कधी जीभ एकाच शब्दावर अडकते. विचारलेल्या प्रत्येक गोष्टीला तोच शब्द बाहेर पडतो. “काकू, हा हो म्हणजे होकार धरू नका,” ती म्हणाली. “त्यांना किती कळतंय, ते आत्ताच नाही सांगता येणार.”

तिला ते सहज म्हणता आलं. माझ्या मनात मात्र तेच घोळत राहिलं. हॉस्पिटलमधला तो हो मी पदराला बांधून घरी आणला होता. तोही मुंबईच्या ‘हो’सारखाच निघाला तर? हा माणूस रोज माझ्या हातचं जेवतोय, माझ्याकडे बघतोय, आणि मी कोण हे त्याला ठाऊक आहे की नाही, हे मला कळायला काही मार्गच नव्हता. पुन्हा विचारायची हिंमत होईना. विचारून काय उपयोग? उत्तर ठरलेलंच होतं.

ती मुलगी चित्रांची कार्डं दाखवायची. “हा चमचा आहे का?” “हो.” “हा हत्ती आहे का?” समोर पंख्याचं चित्र. “हो.” जन्मभर ज्याच्या ‘नाही’नं माझे कान किटले, तो माणूस आता पंख्याला हत्ती म्हणायला तयार होता. औषध कडू आहे? हो. गोड आहे? हो. बाहेर जायचं? हो. झोपायचं? हो. इतका आज्ञाधारक नवरा बघून शेजारच्या वहिनी म्हणाल्या, “स्वभाव किती निवळला हो ह्यांचा!” मला त्यांचा इतका राग आला म्हणता! मी त्यांना चहासुद्धा विचारला नाही.

एक दिवस ती मुलगी कार्डं आवरत म्हणाली, “काकू, काकांना राग कशाचा यायचा?”

“कशाचा नाही यायचा ते विचार,” मी म्हटलं आणि तिला प्रतिक्रियांचं सगळं पुराण सांगितलं.

ती हसली. म्हणाली, “मग चमचे, पंखे राहू देत. त्यांना तेच वाचून दाखवा रोज. मनापासूनचं काही असेल तर कधी कधी वाट सापडते.”

तर आता आमच्या घरात सगळं उलटं झालं. हे टेबलाशी बसलेले आणि मी ह्यांचा फोन हातात घेऊन दारात उभी. बाहेर तांबट आळीतली ठोकठोक सुरू झाली की मी वाचायला सुरुवात करायची. अमक्यानं पक्ष बदलला. “हो.” तमक्या कंपनीनं माणसं काढून यंत्रं आणली. “हो.” पूर्वी ओरडून ओरडून ह्यांचा घसा बसला असता, अशाच बातम्या मी मुद्दाम निवडायची. हे शांतपणे खिडकीबाहेर बघायचे. माझाच घसा बसायची वेळ आली, पण मी सोडलं नाही. आमची लेक रविवारी भेटायला यायची, तेव्हा म्हणायची, “आई, सुधारणा दिसते गं.” कुठे दिसते, ते मी तिला विचारलं नाही. बिचारीला दिसू दे.

बातम्यांखाली पिंपळपान होताच. आधी तो नेहमीसारखा भांडायला तयार होऊन आला. मग लिहिलं, “काका, आज गप्प?” आणि मग एकदा, “काका, बरेच दिवस दिसला नाहीत. तब्येत बरी आहे ना? विरोधाला कोणी नसेल तर लिहायला मजा येत नाही.” हे मी ह्यांना वाचून दाखवलं. “हो,” म्हणाले. मला गलबलून आलं. त्याला काय उत्तर द्यावं ते सुचेना, म्हणून तसंच ठेवलं.

मग ती बातमी आली. परदेशात कुठेतरी असं यंत्र बनवताहेत म्हणे, की ज्यांची वाचा गेलीय त्यांच्या डोक्यात उठणारे शब्द ते पकडतं आणि मोठ्यानं बोलून दाखवतं. मी ओट्याला टेकून दोनदा वाचलं. खाली पिंपळपानानं लिहिलं होतं, “आता तरी मान्य करा काका, तंत्रज्ञानात वाईट काही नसतं. माणसाला आवाज देणाऱ्या गोष्टीला तुम्ही कसला विरोध करणार?”

मला वाटलं, खरंच की! ते यंत्र उद्या मिळणार असतं तर मी रांगेत उभी राहिले असते. शिवाय त्या पोराला किती दिवस ताटकळत ठेवायचं? मी बोटानं एकेक अक्षर शोधत जन्मातली पहिली प्रतिक्रिया लिहिली. ह्यांच्याच खात्यावरून, ह्यांच्याच सहीनं. आणि इतक्या वर्षांची घरातली सवय, म्हणून पाठवण्याआधी दारात जाऊन वाचून दाखवली.

“ऐका हो. ‘माननीय, आपलं म्हणणं मला पूर्ण पटलं. आपलाच, एक नागरिक, कसबा पेठ.’”

ह्यांनी खिडकीवरून नजर काढली. माझ्याकडे बघितलं, फोनकडे बघितलं. चेहरा लाल झाला. ओठ हलायला लागले. मला वाटलं पुन्हा झटका आला, मी धावले. तर ह्यांनी डाव्या हाताची थाप टेबलावर हाणली. चहा सांडला.

“ना,” म्हणाले. “ना... ना...”

मी तशीच उभी.

“नाही!”

“काय नाही? काय नाही हो?”

“नाही. पटलं. नाही!” आणि माझ्या हातातल्या फोनकडे बोट.

ह्यांच्या सहीनं ‘पूर्ण पटलं’! अहो, ह्यांना अब्रू होती काही. मी हसत होते की रडत होते, माझं मला कळत नव्हतं. मी भराभर सगळं पुसलं आणि नवं लिहून वाचून दाखवलं, “‘नाही पटलं. एक नागरिक, कसबा पेठ.’ पाठवू?” ह्यांनी मान डोलावली. पाठवलं. चहा पुसते न पुसते तोच उत्तर आलं, “काका! आलात! कारणं द्या, नुसतं नाही पटलं चालणार नाही.” ते वाचलं तर हे चक्क हसले. अर्ध्या तोंडानं हसले, पण ते पूर्वीचंच हसू होतं.

त्या सकाळी मी कपबशा धुतल्या, भाजी निवडली, फडताळ आवरलं. फडताळ आवरायची काही गरज नव्हती. खरं सांगायचं तर मी भीत होते. आता विचारायला हरकत नव्हती, आणि आता विचारलं तर उत्तर खरं येणार होतं.

शेवटी खुर्ची ओढून ह्यांच्या समोर बसले.

“हे मुंबई आहे का?”

“नाही!” एवढा तिटकारा त्या शब्दात मी कित्येक दिवसांनी ऐकला.

“मी शेजारच्या वहिनी आहे का?”

“नाही.”

“तुमची बहीण?”

“नाही!” भुवया चढल्या. हा काय मूर्खपणा चाललाय, असा चेहरा. तो चेहरा मी जन्मभर पाहिला होता आणि जन्मभर त्यावर चिडले होते.

मग विचारलं, “मग मी तुमची बायको का?”

हे थांबले. नीट बघितलं माझ्याकडे. नाही म्हणायची सोय आता त्यांच्यापाशी होती, सकाळपासून ती हवी तेवढी वापरतही होते.

“हो,” म्हणाले.