खालचा सूर

ही गोष्ट मी आजवर कोणालाही सांगितलेली नाही — नवऱ्याला नाही, मुलीलाही नाही. तुम्हाला सांगते आहे. मात्र आधी थोडी पार्श्वभूमी द्यायला हवी. शिक्षिकेची सवय, जात नाही.

सोल या अमेरिकन कृष्णवर्णीयांच्या संगीतात मुख्य गायकाच्या मागे उभ्या राहून सूर भरणाऱ्या स्त्रिया असतात. त्यांची नावं सहसा कोणाला ठाऊक नसतात. पण त्या गप्प झाल्या की गाणं पोरकं होतं. न्यूझीलंडमधल्या ऑकलंडमध्ये आम्ही अशा तिघी होतो. वरचा सूर सामोआ बेटांवरून आलेल्या सिनाचा, मधला माझा, आणि खालचा अरोहाचा. अरोहा माओरी, म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांपैकी, आमच्यात सर्वांत मोठी. गट तिनेच उभा केला. हिल्सबरोच्या तिच्या गॅरेजमध्ये आम्ही शिकलो. तिचा पहिला नियम असा — तिघींनी एकाच वेळी श्वास घ्यायचा नाही. एकीने घेतला की दोघींनी सूर धरायचा. ऐकणाऱ्याला फट कळता कामा नये. मी पुण्याच्या शाळेत प्रार्थना शिकवलेली. तिथे ओळ संपली की सगळा वर्ग एकदम श्वास घेतो! अरोहा हसायची. "टीचर, शाळा सुटली! तू घे श्वास, मी आहे ना." इतक्या मायेनं मला दुसऱ्या कोणी शिकवलं आहे का? आठवत नाही.

मग माउंट वेलिंग्टन भागातल्या एका स्टुडिओत आमचं ध्वनिमुद्रण ठरलं — पहिलं आणि एकमेव. मी घाबरले, आणि जुन्या सवयीनं ओळीच्या शेवटी श्वास घेतला — नेमका अरोहाच्या श्वासाच्या वेळी. सिनाचा सूर एकटा उघडा पडला. पुन्हा गायलो; पुन्हा तेच. अरोहा सकाळपासून खोकत होती. ध्वनिमुद्रण करणाऱ्या तरुणाने काचेपलीकडून तिच्याकडेच पाहिलं. "आंटी, तुम्ही जरा बाहेर बसता?"

मी काय बोलले? काहीच नाही.

चूक कोणाची, हे तिला कळलं नसेल? ती तर आमचे श्वास ऐकूनच गायची. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं, हेडफोन काढून ठेवले. "स्वीट अ‍ॅज," म्हणाली — इथल्या बोलीत, काही हरकत नाही. माझा भाग झाल्यावर तिचा भागही वेगळा मीच गायले. रेकॉर्डवर नावं मात्र तिघींची छापली गेली.

त्यानंतरही तिचं गॅरेज माझ्यासाठी उघडं राहिलं. तिने तो विषय कधी काढला नाही. मीही — नाही.

यंदा अरोहा गेली. काही दिवसांनी तिची नात फोनवर ते गाणं घेऊन माझ्याकडे आली. "टीचर, यात नॅन कोणती?" आजीला ती नॅन म्हणायची.

खरं बोलण्यासाठी याहून सरळ प्रश्न कोणता असतो?

"खालचा सूर," मी म्हटलं.

तिने डोळे मिटून पुन्हा ऐकलं. "हो. नॅनच," ती म्हणाली, आणि रडली.

आता ती गाडीत रोज ते गाणं लावते, आजीबरोबर खालच्या सुरात गाते, असं तिची आई सांगते. त्या रेकॉर्डवर अरोहा कुठेच नाही. तो आवाज माझा आहे.