पालथ्या दोस्ताला सांगितलेली कुस्ती

वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी मी तारे वाटतो. नागपूरकडच्या तळेगावात माझं कापडाचं दुकान आहे. दुपारी गिऱ्हाईक नसतं तेव्हा मी गादीवर लोडाला टेकून मोबाइलवर परदेशी कुस्तीचे जुने कार्यक्रम बघतो. ती कुस्ती म्हणजे आपल्या गावच्या दंगलीतली, मातीतली नव्हे. चकचकीत चड्ड्या घालून, एकमेकांच्या पाठीत लोखंडी खुर्च्या हाणत खेळतात ती. कोण जिंकणार हे तिथे आधीच ठरलेलं असतं. मी ते सगळं गंभीरपणे बघतो, प्रत्येक कुस्तीला पाचपैकी तारे देतो आणि व्हिडिओच्या खाली माझं मत लिहून टाकतो. 'सव्वातीन तारे. सुरुवात रेंगाळलेली, शेवट उरकलेला.' इतक्या वर्षांत या मतांना जगातून एकच उत्तर आलं आहे. कुणीतरी विचारलं होतं, 'तू कोण?' त्यावर काय लिहावं ते मला अजून सुचलेलं नाही.

माझी शिस्त कडक आहे. पाव तारा द्यायचा की नाही यावर मी जेवण थंड होऊ देतो. पाचच्या पाच तारे तर मी कुणालाच दिलेले नाहीत. बायको म्हणते, "सोता दोन जिने चढले का धापा टाकते, अन् त्यायचे नंबर कापून राह्यले!" मी तिला समजावतो की परीक्षकाला स्वतः उडी मारता यावी लागत नाही. तिला हे पटत नाही.

या विद्वत्तेची गरज कुणाला पडेल असं मला कधी वाटलं नव्हतं. मागच्या फेब्रुवारीत ती पडली.

माझा शाळेपासूनचा एक दोस्त आहे. गावाबाहेर त्याची संत्र्याची बाग आहे आणि घरही बागेतच आहे. शुगरमुळे त्याचा डावा डोळा आधीच गेलेला, उजेड आणि अंधार कळण्यापुरता उरलेला. सगळी भिस्त उजव्यावर, आणि त्या उजव्या डोळ्याचा पडदा सरकला. नागपूरला ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी डोळ्यात वायूचा फुगा सोडला होता. तो फुगा आतून पडद्याला दाबून धरतो, पण त्यासाठी माणसानं तोंड जमिनीकडे करून पडून राहायचं असतं. दहा दिवस पालथं. जेवायला आणि मोरीत जायला तेवढं उठायचं, तेही मान खाली घालून. पडदा चिकटला तर दिसेल, नाही चिकटला तर दुसरा डोळा नाहीच.

आता माझा हा दोस्त म्हणजे एका जागी स्थिर बसलेला मी वर्गातसुद्धा पाहिला नाही. त्यात बाग तोडणीला आलेली. व्यापाऱ्याची माणसं बागेत, फाटकाशी गाड्या, क्रेट आपटल्याचे आवाज. जरा कुठे खट्ट झालं की याची मान वर. दुसऱ्याच दिवशी वहिनींचा फोन आला.

"भाऊजी, तुम्ही येऊन बसा. माह्यं तं आयकतच नाई हा माणूस. घडीघडी डोकं उचलते. डोया गेला तं मी काय करू?"

मी दुकान बायकोच्या ताब्यात देऊन गेलो. दोस्त पलंगावर पालथा पडला होता. वहिनींनी जुन्या लुगड्याची जाडजूड चुंबळ करून त्यात त्याचं तोंड बसवून दिलं होतं. मागून फक्त टक्कल दिसत होतं. त्याच्याशी कुठल्या विषयावर बोलावं हे मला कळेना. डोळ्याबद्दल बोलायची माझी हिंमत नव्हती. म्हणून मी म्हणालो, "कुस्ती लावू का?"

"मले दिसते काय?" चुंबळीतून आवाज आला.

"मी सांगतो न."

हे मी फार ऐटीत म्हणालो. मी पलंगाजवळ खुर्ची ओढली आणि मोबाइलचा आवाज बंद केला. तिथले लोक जे भराभर इंग्रजी बोलतात ते आम्हाला लहानपणीही कळलं नव्हतं. मग मी घसा साफ करून सुरू झालो. "पहिल्यानं दुसऱ्याचा हात धरला. पिरगाळला. आता दुसऱ्यानं पहिल्याचा हात धरला. पिरगाळला. आता दोघं उभे आहेत."

मग खालून आवाज आला, "अबे, पंचनामा करून राह्यला का?"

मी इतकी वर्षं लोकांचे तारे कापत आलो, आणि समोर चाललेली एक साधी कुस्ती मला सांगता येत नव्हती! उडी मारणारा हवेत असायचा तेव्हा मी शब्द शोधायचो आणि शब्द सापडेपर्यंत तो पडून उठून पाणी प्यायला गेलेला असायचा. तासाभरानं मी विचारलं, "कशी वाटली?"

"अर्धा तारा," तो म्हणाला. "थो बी तू इतक्या उन्हात आला म्हणून."

मला ते लागलं. खोटं कशाला बोलू, चांगलंच लागलं. दुसऱ्या दिवशी मी दुकानात सराव केला. एक बाई ब्लाउजपीस बघायला आल्या होत्या. कापडाचा तागा डोक्यावर गरगर फिरवून मी तो अशा आवेशात आपटला की बाई दोन पावलं मागे सरकल्या आणि म्हणाल्या, "भाऊ, मी मंग येतो." पण संध्याकाळच्या कुस्तीला मला सव्वा तारा मिळाला.

मग मला चटकच लागली. मी घाम सांगू लागलो, श्वास सांगू लागलो, पंचाची तिरकी नजर सांगू लागलो. पाठीवर खुर्ची बसली की मी पलंगाच्या लोखंडी पायावर पळी आपटायचो. तांदूळ निवडायला वहिनी नेमक्या आमच्याच खोलीच्या उंबऱ्यात बसू लागल्या. मुख्य म्हणजे दोस्ताची मान हलत नव्हती. बाहेर गाडी आली तरी तो म्हणायचा, "जाऊ दे थे. याचा पाय सुटला का नाई?" सहाव्या दिवशी मी पावणेतीन ताऱ्यांवर पोचलो. हीच कामगिरी दुसऱ्या कुणाची असती तर मी लिहिलं असतं, मेहनती पण दिखाऊ.

सातव्या दिवशी तो म्हणाला, "जाड्याची लाव."

जाड्या हा आमचा लहानपणीचा लाडका पैलवान. मोठ्या नावांच्या पैलवानांना हरवायला कुणीतरी लागतं, म्हणून त्याला ठेवलेलं होतं. ढेरी, आखूड पाय आणि पडल्यावर ओशाळल्यासारखं हसणं. तो दर आठवड्याला हरायचा. एकदाच, फक्त एकदाच, तो जिंकता जिंकता राहिला. गावात केबल नवीन आलं होतं तेव्हाची गोष्ट, दोस्ताच्या काकांच्या घरी आम्ही ती कुस्ती पाहिली होती. त्या दिवशी हा जेवला नव्हता. पुढे मोठेपणी आम्ही ती कुस्ती किती वेळा पाहिली याला हिशेब नाही. तिचा शेवट त्याला पाठ, मला पाठ.

मी सांगू लागलो आणि मला स्वतःलाच कळत होतं की आज आपलं जमून आलं आहे. जाड्यानं त्या लांब केसांच्या विजेत्याला कोपऱ्यात कसं दाबलं, लोक कसे उभे राहिले, जाड्याला स्वतःलाच कसा विश्वास बसेना. मग विजेत्यानं पाय अडकवला, जाड्या पाठीवर आदळला आणि विजेता त्याच्या छातीवर पसरला. आता पंच जमिनीवर तीन थापा मारणार. तिसरी पडेपर्यंत खांदे उचलले नाहीत की हरला. पहिली थाप. दुसरी थाप. वहिनींचा हात सुपातच थांबला होता. पडद्यावर तिसरी थाप पडली, तीस वर्षं पडत आली आहे तशीच.

आणि मी ओरडलो, "उठला! जाड्या उठला!"

का ओरडलो? जाड्याच्या प्रेमापोटी, असं म्हणायला मला आवडलं असतं. पण मला त्या क्षणी तीन तारे हवे होते, बस.

दोस्तानं मान वर केली. थोडीथोडकी नाही, हातांवर जोर देऊन छातीसकट वर. ऑपरेशनच्या डोळ्यावर चिकटवलेलं जाळीदार झाकण मोबाइलकडे वळवून तो म्हणाला, "काय? उठला?"

मी खुर्चीतून झेप घेतली आणि दोन्ही हातांनी त्याचं डोकं चुंबळीत दाबलं. चादरीवरून माझा गुडघा सरकला आणि मी माझ्या सगळ्या वजनासह, दुकानदारीनं कमावलेल्या वजनासह, त्याच्या पाठीवर आडवा पडलो. पलंगाची एक पट्टी मोडली. "मान खाली! मान खाली!" मी ओरडत होतो. तो खालून शिव्या देत होता. वहिनी सूप टाकून धावल्या, सगळीकडे तांदूळ झाला.

"भाऊजी! उठा आधी त्याइच्या अंगावरून! काय करून राह्यले हे?"

मी उठलो. मग तो चुंबळीत तोंड घालून हळू आवाजात म्हणाला, "लय वर केल्ती का बे?"

"थोडीशी," मी म्हणालो.

उरलेले दिवस मी रोज गेलो, पण मोबाइल खिशातून काढला नाही. त्याची मान आता मुळीच हलत नव्हती. भीतीनं ते काम केलं होतं. मी खुर्चीत बसून त्याच्या टकलाकडे बघायचो आणि मनात एकच यायचं. याला बागेत आता कुणाच्या तरी खांद्यावर हात ठेवून फिरावं लागेल आणि तो खांदा माझा असला तरी काही भरपाई होणार नाही. मला स्वतःची इतकी लाज आयुष्यात वाटली नव्हती. मी घरी नीट जेवत नव्हतो. बायकोनं एकदाही टोमणा मारला नाही, त्यावरून माझा चेहरा कसा दिसत असेल ते मला कळलं.

दहा दिवस झाल्यावर तपासणीला गाडी मीच केली. डॉक्टरांनी विचारलं, सगळं सांगितल्याप्रमाणे केलं ना? मी शब्द जुळवत होतो, तोवर वहिनींनी सांगून टाकलं, "त्याईनं मान वर केली, अन् मंग हे भाऊजी त्याइच्या अंगावर पडले."

डॉक्टरांनी चष्मा काढला. "का?"

"कुस्ती चालू होती," मी म्हणालो.

"क्षणभर मान वर गेल्यानं सहसा काही होत नाही," डॉक्टर म्हणाले. "पेशंटच्या अंगावर पडायचं नाही, हे मात्र सांगायचं माझ्या लक्षात आलं नाही." मग त्यांनी यंत्रासमोर दोस्ताला बसवलं आणि डोळ्यात प्रकाश टाकून बराच वेळ बघत राहिले. वहिनींनी माझ्या बाहीचं टोक धरलं होतं. बहुधा त्यांना ते टेबलाचं किंवा खुर्चीचं वाटलं असावं.

"पडदा बसलाय जागेवर," डॉक्टर म्हणाले. फुगा निम्मा विरघळला होता. फुग्याच्या वरच्या बाजूनं दोस्ताला दिसू लागलं होतं. डॉक्टरांनी बोटं धरली. दोस्त म्हणाला, "तीन." मग दोन, तेही बरोबर. मी तिथल्या बाकावर बसून चारचौघांत रडलो.

डॉक्टरांनी अजून चार दिवस मान खालीच ठेवायला सांगितलं. परतताना वहिनी पुढे बसल्या, आम्ही दोघं मागे. दोस्तानं पुढच्या सीटच्या पाठीला कपाळ टेकवलं होतं. वाटेतलं कारंजा गाव मागे पडल्यावर तो खाली बघतच म्हणाला, "मंग?"

"काय मंग?"

"जाड्या उठलता न. पुढं काय झालं?"

त्याला माहीत होतं, मला माहीत होतं. मोबाइल माझ्या खिशात होता आणि त्यात तिसरी थाप जशीच्या तशी होती.

"जिंकला," मी म्हणालो.

"झूट बोलतं साल्या."

वहिनींनी पुढून मान वळवून माझ्याकडे पाहिलं. गाडी बरीच पुढे गेली, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना संत्र्याच्या बागा सुरू झाल्या. मग तो म्हणाला, "कसा जिंकला थे सांग."